शालोमचे बोंबील आणि प्रोफेसरांचा कंट्रोल

रिकाम्या बरण्या आणि जुने किस्से, दोन्ही माझ्याने टाकवत नाहीत. बरण्या ओट्याखाली साठतात आणि किस्से चारजणी जमल्या की बाहेर निघतात. परवा अश्दोदला एका लग्नात आम्ही कोपऱ्यात बसलो होतो. कुणीतरी सहज विचारलं, "एस्तेर, तुझा तो उंदरांचा प्रोफेसर, त्याचं पुढे काय झालं गं?" झालं! माझी प्लेट तशीच राहिली आणि नवरी कधी आली ते मला कळलंही नाही.

तर हे सगळं सत्तरच्या दशकातलं, यरुशलेममधल्या एका इस्पितळाच्या तळघरातलं. तीन खोल्या होत्या. एकीत मी आणि मायक्रोस्कोप, दुसरीत प्रोफेसर आणि त्यांचा पाइप, तिसरीत उंदीर आणि त्यांना सांभाळणारे शालोमभाऊ. वरच्या मजल्यांवर मोठे डॉक्टर फिरायचे, ते आमच्याकडे कधी उतरायचे नाहीत. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण चहा आमच्याकडे चांगला मिळायचा.

*

आम्ही कोकणातले ज्यू; या देशात येण्याआधी मी मुंबईत भायखळ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचे. इथे आल्यावर सुरुवातीला एका कारखान्यात शर्टांना बटणं लावत होते. मग कुणीतरी सांगितलं की एका प्रोफेसरला पांढऱ्या पेशी मोजणारं माणूस हवंय. नवऱ्याचा जुना कोट घालून मी मुलाखतीला गेले.

प्रोफेसर व्हिएन्नाचे. उंच, वाकलेले, टाय घातलेले. या देशात तेव्हा टाय घातलेला माणूस दिसला की लोक विचारायचे, आज कुणाची बार मित्झवा, म्हणजे मुंज, आहे? त्यांनी मला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, "न्यूट्रोफिल चांगले की वाईट?"

आता न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींमधली सगळ्यात मोठी फौज. अंगात जंतू शिरले की आधी हेच धावतात. मी म्हटलं, चांगले, ते जंतू खातात.

"सगळे असंच म्हणतात," प्रोफेसर खिन्नपणे म्हणाले. "रविवारपासून या." इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो.

उत्तर चुकलं की बरोबर आलं, हे मला कळायला पुढे बरेच महिने गेले.

*

त्यांचं म्हणणं असं होतं. फ्लूचा विषाणू फुफ्फुसात शिरतो हे खरं. पण माणूस खूप आजारी पडतो तेव्हा फुफ्फुसाची नासधूस सगळीच काही विषाणू करत नाही. त्याला हाकलायला आलेले आपलेच शिपाई करतात. ते येतात, जे सापडेल त्यावर हत्यार चालवतात, आणि चोर पळाला तरी घरी जात नाहीत. हे ते वरच्या डॉक्टरांना सांगायला गेले की ते हसायचे. इथे प्रत्येक घरातला माणूस वर्षातून एकदा लष्करात हजेरी लावून यायचा. शिपाईच घर मोडतात हे कोण ऐकून घेणार?

त्यांच्या मदतीला आले शालोमभाऊंचे बोंबील.

शालोमभाऊ रेवदंड्याचे. शिकुनमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. एका शुक्रवारी मुंबईहून कुणीतरी सुके बोंबील आणले. हन्नाबाई, म्हणजे त्यांची बायको, बहिणीकडे गेलेली. शेजारच्या रोमानियन बाईंना वास जाऊ नये म्हणून भाऊंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, बोंबील खरपूस भाजले, गॅस बंद केला आणि कोथिंबीर आणायला खाली उतरले.

दाराखालून धूर यायला लागला. रोमानियन बाईंनी आगीचा बंब बोलावला.

भाऊ कोथिंबीर घेऊन परत आले तर दार चौकटीसकट आडवं. गाद्या भिजल्या, कपाट फुटलं, मुंबईहून बोटीने आणलेला रेडिओ पाण्यात. ताटातले बोंबील पुन्हा पोहायला लागले होते. बंबवाला भाऊंनाच विचारत होता, आग नक्की कुठे होती?

रविवारी भाऊ पडल्या चेहऱ्याने लॅबमध्ये हे सांगत होते. प्रोफेसरांनी तोंडातला पाइप काढला.

"आग किती होती?"

"नव्हतीच."

"आणि नुकसान?"

"सगळं."

प्रोफेसरांनी उठून त्यांना मिठीच मारली. भाऊंना वाटलं, सांत्वन करतायत. पण ते तसेच फळ्याकडे गेले, त्यावर एक फुफ्फुस काढलं आणि त्यात दार, गादी आणि रेडिओ काढला. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये त्या सगळ्या सिद्धांताचं नाव 'शालोमचे बोंबील' असंच पडलं. दुसऱ्या आठवड्यात प्रोफेसरांनी घरचा रेडिओ आणून भाऊंच्या टेबलावर ठेवला आणि याबद्दल कुणी काही बोलायचं नाही असं बजावलं.

*

न्यूट्रोफिल साठवून ठेवता येत नाहीत. सकाळी काढले की संध्याकाळी संपले. त्यामुळे आम्हाला रोज ताजं रक्त लागायचं, आणि फुकट रक्त कोण देणार? नातेवाईक! आमच्याकडे कुणी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याला मी लॅबमध्ये न्यायचे. हळूहळू पाहुणे कमी झाले. सासूबाई म्हणायच्या, लोकांकडे गेलं की चहा देतात, हिच्याकडे गेलं की रक्त काढतात.

एकदा अश्दोदहून माझे मामा आले. बंदरात कामाला, अंगाने दणकट. त्यांचं रक्त पाहिलं तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. मी घाबरले. प्रोफेसर घाबरले. मामांना झोपवलं, घसा पाहिला, ताप पाहिला. काही नाही.

शेवटी प्रोफेसरांनी विचारलं, येताना काय काय केलं? मामा म्हणाले, विशेष काही नाही, बसच्या ड्रायव्हरशी अश्दोदपासून इथपर्यंत भांडलो आणि मग त्याने चुकीच्या स्टॉपवर उतरवलं म्हणून चढावर धावत आलो.

प्रोफेसर खूश. म्हणाले, बरोबर आहे, माणूस चिडला-धावला की शिरांच्या कडेला बसून राहिलेले शिपाई उठून रस्त्यावर येतात. पुढे त्यांनी नियमच केला, की रक्त घेण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, आज सकाळपासून कुणाशी भांडलात का?

हा देश असा, की त्यानंतर किती तरी दिवस आम्हाला चालेलसं रक्त मिळालं नाही.

*

माझ्या मुलीने, ओर्लीने, शाळेत सांगितलं की आई इस्पितळात काम करते आणि शिपायांना गोळ्या झाडू नका म्हणून शिकवते. मला मुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं. बाई गंभीर होत्या. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा सीमेवर होता.

मी सगळं समजावून सांगितलं. फुफ्फुस, विषाणू, बोंबील, सगळं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना परत घरी बोलवायचं कसं, तेवढं तुम्हाला अजून सापडलेलं नाही?"

मी म्हटलं, नाही.

"सापडलं की मला आधी सांगा."

ओर्लीला घरी येऊन मराठीत रागावले. तिने नेहमीप्रमाणे हिब्रूत उत्तर दिलं, की खोटं काय सांगितलं मी?

*

प्रोफेसर देव मानायचे नाहीत. योम किप्पूरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासालासुद्धा, ते घरी बसून वाचत असायचे. त्यामुळे एका सकाळी त्यांच्या टेबलावर नेशामाची मेणबत्ती, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने लावतात ती, पेटलेली पाहून आम्ही गप्पच झालो.

गप्प राहिली नाही ती याएल. याएल आमची तरुण डॉक्टर, इथेच जन्मलेली, सँडल घालून प्रोफेसरांच्या टेबलावर बसणारी. तिने मेणबत्तीकडे पाहिलं, शेजारच्या, चटकन पेट घेणाऱ्या ईथरच्या बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, आज आपल्या सगळ्यांच्याच नावाने मेणबत्त्या लावाव्या लागतील.

शालोमभाऊंनी मेणबत्ती पाण्याच्या बादलीत विटेवर ठेवली आणि बादली ईथरपासून लांब, खिडकीशी नेली. मग प्रोफेसर बोलले. त्यांचा मोठा भाऊ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला व्हिएन्नात फ्लू आला तेव्हा हे लहान होते. घरात सगळे आजारी पडले. आजी वाचली, हे किरकोळ शरीराचे, हेही वाचले. भाऊ गेला. वीस-बावीस वर्षांचा, नदी पोहून जाणारा.

"सगळ्यात धट्टाकट्टा तोच होता," प्रोफेसर म्हणाले. "मला निवृत्त होण्याआधी एवढंच कळायला हवंय, की तोच का?"

मला पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न तेव्हा कळला. ज्याची फौज मोठी, त्याचंच घर आधी मोडलं असेल तर? त्या दिवशी मी पेशी मोजल्या, पण आकडे मनात राहत नव्हते.

*

आता शालोमभाऊंचा मोठा गुन्हा.

प्रयोग असा होता. सगळ्या उंदरांना फ्लू द्यायचा. आजार चढला की उजवीकडच्या रांगेला शिपायांना थोपवणारं औषध पिण्याच्या पाण्यातून द्यायचं. डावीकडच्या रांगेला साधं पाणी. ही डावी रांग म्हणजे कंट्रोल. ती नसेल तर उजवीकडचे औषधाने जगले की आपोआप, ते कळणार कसं? प्रोफेसरांचा जीव होता त्या कंट्रोलवर. कुणी बायकोच्या मसाल्याचं कौतुक केलं तरी ते विचारायचे, "कंट्रोल कुठे आहे?"

पाणी बदलायचं काम भाऊंचं.

निकाल आला तेव्हा आम्ही चक्रावलो. दोन्ही रांगा सारख्याच. डावीकडचे उंदीरही मस्त दाणे खातायत! प्रोफेसर पांढरे पडले. म्हणजे औषधाचा काही उपयोगच नाही? म्हणजे इतकी वर्षं वरचे लोक हसत होते ते बरोबरच? ते खुर्चीत बसून राहिले. मी त्यांना कधी इतकं म्हातारं पाहिलं नव्हतं.

तेव्हा भाऊ मला दारामागे घेऊन गेले. "बाय, मी काय बोलतो, ते डावीकडचे धापा टाकत होते. उजवीकडच्यांना औषध नि यांना नुसतं पानी? एका पंगतीत असं करतात का कुनी? मी दोघांनाबी दिलं."

मी प्रोफेसरांना सांगितलं. सांगताना 'पंक्तिप्रपंच' या शब्दापाशी अडले, कारण त्याला ना हिब्रूत काही सापडे ना इंग्रजीत. म्हणून सविस्तर सांगितलं, की एका पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं हे आमच्याकडे पाप समजतात.

प्रोफेसर ओरडले. जर्मनमध्ये ओरडले, त्यामुळे आम्हाला नेमकं काय ते कळलं नाही, पण उंदीरसुद्धा कोपऱ्यात गेले. मग अचानक थांबले. दोन्ही रांगा जगल्या होत्या! बसले, आणि हसू लागले. मला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला आणि इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहून ठेवला. शालोमभाऊंना समोर बसवून समजावलं, की शालोम, डावीकडच्यांना तू वाचवलंस, पण आता आपल्याला काहीच कळलेलं नाही. भाऊंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून सांगितलं.

प्रयोग पुन्हा केला. यावेळी भाऊ डाव्या रांगेकडे पाठ करून पाणी भरायचे. डावीकडचे बरेच गेले, उजवीकडचे बरेच राहिले. पण एक गोष्ट आणखी कळली: औषध फार लवकर दिलं तर उजवीकडचेही जात, कारण शिपाई थांबले की विषाणू मोकाट सुटायचा. वेळ साधायला हवी. ती कोणती, हे शोधण्यात पुढची वर्षं गेली.

*

आणि मग एका हिवाळ्यात शहरात खराखुरा फ्लू आला, आणि तो प्रोफेसरांनाच झाला.

ते ताप अंगावर काढत लॅबमध्ये आले. याएलने त्यांना हाताला धरून वर वॉर्डात नेलं. दोन-तीन दिवसांत ओठ निळे पडले, तोंडाला ऑक्सिजन लागला. याएल त्यांचा एक्स-रे खाली घेऊन आली. दोन्ही फुफ्फुसं पांढरी. आम्ही तिघं तो बघत उभे राहिलो. उंदरांची अशी फुफ्फुसं आम्ही कापून पाहिली होती.

याएलचं म्हणणं, कॉर्टिझोन द्या, शिपायांना थोपवा. वॉर्डचे डॉक्टर म्हणाले, पुस्तकात लिहिलंय की त्याने संसर्ग वाढतो, आणि तुमच्याकडे पुरावा काय, तर उंदीर. माणूस काही वाईट नव्हता. आमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

प्रोफेसर शुद्धीवर होते. मास्कमधून म्हणाले, "माझ्यावर नको. मी एकटा आहे. एकट्यावरून काही सिद्ध होत नाही."

याएल जिन्यात बसून रडली. म्हणाली, हा मेला तर त्याने तरी काय सिद्ध होणार आहे? मी तिच्या शेजारी बसले. मला प्रोफेसरांचा राग आला होता आणि ते जायलाही नको होते, एवढंच मला कळत होतं.

शेवटी वॉर्डच्या डॉक्टरांनी सगळंच थोडं थोडं दिलं. ऑक्सिजन, पेनिसिलिन, सलाइन, आणि याएल समोरून हलेना म्हणून थोडं कॉर्टिझोनही. शालोमभाऊ रोज वर जाऊन खाटेपाशी उभे राहायचे, टोपी घालून, काहीतरी पुटपुटत. मी विचारलं तर म्हणाले, एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, बोललोय, साहेब घरी गेले की मलिदा करीन.

साहेब घरी गेले. हळूहळू, काठी घेऊन, पण गेले.

*

मलिदा भाऊंच्या घरी झाला. मुंबईहून आलेले पोहे, गूळ, खोवलेलं खोबरं, वेलची, वर खजूर, केळी, सफरचंदं. आमच्याकडे नवस फेडायचा तो असा, एलियाहू हन्नाबीच्या नावाने, शेजारीपाजारी बोलावून. रोमानियन बाईसुद्धा आल्या होत्या. प्रोफेसर टाय घालून तीन जिने चढले. नव्या दारापाशी थांबून त्यांनी चौकट निरखून पाहिली.

पंगतीच्या टोकाला एक जाड मिशांचा माणूस बसला होता. मला वाटलं हन्नाबाईंचा कुणीतरी. हन्नाबाईंना वाटलं इस्पितळातला कुणीतरी. तो प्रत्येक आशीर्वादाला सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणत होता.

गाणी झाली, प्रार्थना झाली, ताटल्या फिरल्या. प्रोफेसरांनी मला हळूच विचारलं, हे सगळं कशासाठी? मी सांगितलं, की शालोमभाऊंनी नवस केला होता, तुम्ही वाचलात म्हणून.

प्रोफेसरांनी ताटलीतला शेवटचा घास संपवला. मग भाऊंकडे पाहून म्हणाले, "शालोम, कंट्रोल कुठे आहे?"

आम्ही सगळे हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पंगतीच्या टोकाकडे बोट केलं. "तो काय, बसलाय."

मिशीवाल्याने केळं धरलेला हात वर केला. "शेजारची खाट," तो म्हणाला. बाजारात भाजी विकायचा. प्रोफेसरांबरोबरच आला होता, तोच आजार, तशीच पांढरी फुफ्फुसं. प्रोफेसरांनी त्याला ओळखलं आणि ते एकदम पुढे झुकले. तो चेहरा मी ओळखते. निकाल ऐकायच्या आधी त्यांचा असाच व्हायचा.

"त्याला कॉर्टिझोन दिलं होतं?" त्यांनी याएलला विचारलं.

याएल म्हणाली, दिलं होतं, वॉर्डच्या डॉक्टरांनी जे एकाला तेच दुसऱ्याला दिलं.

"बरं. पण नवस? नवस याच्यासाठी नव्हता ना?"

शालोमभाऊंची हिब्रू आटली. ते माझ्याकडे वळले. "बाय, त्यांना सांग, मी ठरवलं होतं. देवाशप्पथ. नाव फक्त साहेबांचंच घ्यायचं. मी पाठ करून पन उभा राहिलो. पन हा मागे इतका खोकत होता..."

मी सांगितलं.

 प्रोफेसरांनी रिकामी ताटली हन्नाबाईंच्या पुढे केली, मान मिशीवाल्याकडे हलवली, आणि त्यांना येत असलेले दोनच मराठी शब्द वापरले.

"त्यालाही वाढा," हे हिब्रूत. आणि मग, एकेक अक्षर जपून, "पंक्तिप्रपंच नको."